बारा मिनिटांनी बंद : जुन्या गाडीच्या हिवाळी नोंदी

गाडी १९८७ची. चार सिलिंडर, १३०० सीसी, एकतोंडी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), हाताने ओढायचा चोक (गार इंजिनासाठी हवा अडवून मिश्रण जाड करणारी झडप), पॉइंटवालं इग्निशन (ठिणगीची यंत्रणा). बाबांनी बरीच वर्षं चालवली, मग विकली. मधे दोन-तीन हात फिरून गेल्या उन्हाळ्यात पुन्हा आमच्याच दारात आली. मीटर पाच आकडी आहे, त्यावर ३८,४०० दिसतात. तो एकदा शून्यावर येऊन गेलाय हे बाबांनी स्वतः पाहिलेलं, म्हणजे खरे १,३८,४००.

२८ नोव्हेंबर

सकाळी पहिल्या सेल्फला चालू. चोक पूर्ण ओढलेला, दोन मिनिटांनी अर्धा आत, मग पूर्ण आत. दहा-बारा मिनिटं बिनतक्रार चालली. मग हळूहळू जीव गेल्यासारखी झाली. त्याच वेगाला पाय जास्त दाबावा लागतोय हे जाणवलं, आणि चौकात थांबल्याबरोबर बंद. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन उचलत नाही. ढकलून बाजूला घेतली. पाच-सात मिनिटांनी सहज चावी फिरवली तर काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली. पुढे वीस किलोमीटर नाव नाही.

पहिला संशय चोकवर.

३० नोव्हेंबर

चोकची तार मधे अडकत होती. काढली, पुसली, तेल सोडलं. आता मूठ आत ढकलली की वरची झडप पूर्ण उभी राहते. तरी मन मानत नाही. चोक अडकून मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, झालं असतं तर काळा धूर आणि काजळी धरलेले प्लग दिसायला हवेत. प्लग काढले तर चारही बिस्किटी रंगाचे, बघत राहावेत असे. एकाची गॅप ०.९ मिमी झाली होती, चारही ०.७ला आणल्या. आयडलिंग ८५० आरपीएम.

३ डिसेंबर

पुन्हा बंद. तेच ठिकाण नाही, पण तोच वेळ : घर सोडल्यापासून १२ मिनिटं. या वेळी डिकीत जादा प्लग ठेवला होता. बॉनेट उघडून एका प्लगची वायर काढली, तिला जादा प्लग लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी निळी, ठसठशीत. वायर परत बसवली आणि गाडी सुरू झाली. ठिणगी आधीही होती की मी बॉनेट उघडेपर्यंत परत आली, सांगता येत नाही. या गाडीचा दोष चौकशी सुरू झाली की पळून जाणाऱ्यांतला आहे.

५ डिसेंबर

सकाळभर इग्निशन. पॉइंटवर एका बाजूला खड्डा, एका बाजूला उंचवटा. हे कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणारा भाग) थकल्याचं लक्षण मानतात, म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे. गॅप ०.४ मिमी, फीलर गेज किंचित ओढ लागेल इतपत. डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून पुसली. अंधार करून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर पाण्याचा फवारा मारून बघितला : कुठेही ठिणगी बाहेर उडत नाही. (शेडचं दार सताड उघडं ठेवून. बंद जागेत इंजिन चालवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

हात लागलाच आहे तर बॅटरीही : बंद असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरते, इंजिन चालू असताना १४.१. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली असती तर बदलली असती. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजलेली होती, घासून पुन्हा आवळली.

१० डिसेंबर

पाच दिवस, रोज सकाळी. एकदाही बंद नाही. कंडेन्सरच होता.

११ डिसेंबर

कंडेन्सर नव्हता. दाट धुकं, १२ मिनिटं, बंद.

कालची ओळ खोडत नाही, राहू दे. आजपासून तापमान आणि आर्द्रताही लिहायची. भिंतीवरचं दोन काट्यांचं यंत्र शेडच्या बाहेर टांगलंय. आज ७ अंश, ९४ टक्के.

१३ डिसेंबर

८ अंश, ९६ टक्के. बंद. या वेळी ठरवून एअर क्लीनर उघडला. झाकणाचा पंखनट गंजून बसलेला, पाना डिकीत सगळ्यात खाली. सापडून उघडेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. आत कार्बोरेटरच्या घशात पाण्याचे थेंब. थ्रॉटलच्या चकतीवर (पायाने दाबलं की उघडणारी हवेची झडप) तर चमचाभर पाणी साचलेलं.

पेट्रोलमध्ये पाणी! सगळं जुळतं. टाकीच्या तळाचं पाणी ओढलं जातं, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, थेंब अडकतो, गाडी बंद पडते, थेंब सुटला की चालू. उद्या टाकी उतरवतो.

१४ डिसेंबर

टाकीचा खालचा नट काढून सगळं पेट्रोल काचेच्या बरण्यांत घेतलं. बाहेर, मोकळ्यावर, बॅटरीची वायर सोडून. बरण्या तासभर स्थिर ठेवल्या. पाणी असतं तर तळाला वेगळा थर दिसला असता. चिमूटभर गंज मिळाला, पाणी नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीतही नाही. फिल्टर बदलला. पंपाचा नळ बरणीत सोडून सेल्फ मारला तर पेट्रोल ठेक्यात, भरपूर येतंय.

मग घशातलं पाणी आलं कुठून? हा प्रश्न रात्री साडेअकराला पडला, दुपारी पडायला हवा होता. पेट्रोलमधून आलं नसेल तर उरते फक्त हवा.

१७ डिसेंबर

९ अंश, ९२ टक्के. बंद. आठवड्याच्या नोंदी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या :

११ तारीख, ७ अंश, ९४ टक्के, बंद.
१२ तारीख, ४ अंश, ५८ टक्के, नीट.
१३ तारीख, ८ अंश, ९६ टक्के, बंद.
१५ तारीख, ३ अंश, ६० टक्के, नीट.
१६ तारीख, १ अंश, ५५ टक्के, नीट.
१७ तारीख, ९ अंश, ९२ टक्के, बंद.

सगळ्यात गार सकाळी गाडी नीट चालली! आणि त्यातल्या त्यात उबदार सकाळी बंद पडली. तीन आठवडे मी ‘थंडीत बंद पडते’ असं म्हणत होतो आणि दुरुस्तीही त्या वाक्याचीच करत होतो. गाडी थंडीला नाही, ओलीला अडखळतेय. कंडेन्सर बदलल्यावरचे ते पाच चांगले दिवस कोरड्या वाऱ्याचे होते, हे आता आठवतंय.

१८ डिसेंबर

आज गाडीला हात लावला नाही, हिशेब केला.

कार्बोरेटर हा एका परीने फ्रीजच आहे. पेट्रोलची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून ओढली जाते. एक किलो पेट्रोलला साधारण ३५० किलोज्यूल, आणि त्याच्यासोबत पावणेपंधरा किलो हवा. सगळं पेट्रोल तिथल्या तिथे उडालं तर हवा जवळपास २४ अंशांनी गार होईल. प्रत्यक्षात सगळं उडत नाही, पण अर्धं उडालं तरी ८ अंशांची हवा शून्याखाली जाते. अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलपाशी दाब घटतो, त्याने आणखी थोडी भर.

आता पाणी. ८ अंशांच्या जवळजवळ तुडुंब हवेत घनमीटरला आठेक ग्रॅम बाष्प असतं. १ अंशाच्या ५५ टक्केवाल्या हवेत तीन ग्रॅमसुद्धा नाही. हलक्या पायाने चालवताना हे इंजिन मिनिटाला अर्धा घनमीटर हवा ओढतं असं धरलं तर १२ मिनिटांत घशातून ४८ ग्रॅम पाणी जातं, म्हणजे तीन मोठे चमचे. त्यातलं बहुतेक पुढे निघून जात असणार. पण आयडलिंगला चकती आणि भिंत यांच्यात फट उरते ती केसभर, आणि आयडलिंगचं छिद्र अगदी त्याच फटीपाशी. ती बुजवायला चिमूटभर बर्फ पुरतो.

रस्त्यावर पाय जास्त दाबावा लागत होता तो याच्यामुळे : घसा आकसत होता. चौकात पाय उचलला की चकती मिटते, हवा संपते, इंजिन थांबतं. मग खालच्या गरम इंजिनाची धग वर चढते, बर्फ वितळतो आणि गाडी साळसूद होते. मी पाना शोधत असतो तेवढ्यात पुरावा विरघळून जातो आणि मला चमचाभर पाणी दिसतं.

विमानाचे वैमानिक हे लहानपणीच शिकतात म्हणे, म्हणजे शिकाऊ असताना. कार्बोरेटरवाल्या छोट्या विमानांत गरम हवेचा वेगळा खटका असतो तो यासाठीच. तिथे बाहेर २० अंश असतानाही दमट हवेत बर्फ धरतो.

हे सगळं कागदावर आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कंडेन्सरसारखं होईल.

२० डिसेंबर

७ अंश, ९५ टक्के. पंखनट आधीच तेल देऊन सैल केला, टॉर्च शर्टाच्या खिशात. अकराव्या मिनिटाला गाडी जड व्हायला लागली. बंद पडायची वाट बघितली नाही. बाजूला घेतली, चावी बंद, बॉनेट, झाकण. चाळीस सेकंद लागली असतील.

कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावर, चकतीच्या पातळीला, पांढरा पट्टा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला धरतो तसला खरखरीत. आत टॉर्च मारली तर चकतीच्या कडेने बर्फाची चंद्रकोर. बोटाने दाबली, कडक होती. बाजूला एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ) हात लावता येणार नाही इतका तापलेला आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर बर्फ. फोटो काढले. तीन मिनिटांत पांढरं ते करडं झालं, मग थेंब. तेच ओळखीचे थेंब.

इतक्या आनंदाने बंद पडलेल्या गाडीशेजारी कोणी उभं राहिलं नसेल.

२१ डिसेंबर

बाबांना फोनवर सांगत होतो. त्यांनी निम्म्यातच थांबवलं. “अरे, तो खटका फिरवला नाहीस का?”

“कुठला खटका?”

“एअर क्लीनरच्या नळीवरचा. हिवाळा लागला की फिरवायचो ना मी. एकीकडे सूर्य काढलाय, एकीकडे बर्फाची चांदणी.”

तीन आठवडे, बाबा.

खटका सापडला. बोटभर जाड तेलकट मळीखाली, सूर्याकडे वळवलेला, वर कोणीतरी काळा रंग मारलेला. खरवडल्यावर चांदणी दिसली. सैल करायला अर्धा तास लागला.

२२ डिसेंबर

खटका चांदणीकडे. ८ अंश, ९३ टक्के. बंद पडली, पण २४व्या मिनिटाला. बारावरून चोवीस. दिशा बरोबर आहे, काहीतरी अपुरं आहे.

२३ डिसेंबर

अपुरं काय ते खाली वाकून बघितल्यावर कळलं. चांदणीच्या बाजूला एअर क्लीनरच्या नळीला एक तोंड आहे. त्यातून लवचिक पाइप निघून एग्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या टोपणाला जोडलेला असायला हवा. तापलेल्या मॅनिफोल्डला घासून आलेली हवा त्यातून वर येते. माझ्याकडे तोंड आहे, पाइप नाही, टोपणही नाही. मॅनिफोल्डवर टोपणाच्या बोल्टची दोन रिकामी भोकं मात्र आहेत. कधीतरी सायलेन्सरचं काम निघालं असणार, टोपण गंजून हातात आलं असणार, आणि गरमीचे दिवस असल्याने कोणालाच उणीव भासली नसणार. कोणी केलं ते शोधण्यात अर्थ नाही. खटका फिरवून मी फक्त बॉनेटखालची कोमट हवा ओढत होतो.

दुसरी गोष्टही खटकली. तापमानाचा काटा कधीच पाव घराच्या वर जात नाही. उन्हाळ्यात मला याचं कौतुक होतं, इंजिन किती थंड राहतं म्हणून! या गाडीत इनटेक मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळाच्या) खालून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं आणि कार्बोरेटरचा पाया गरम ठेवतं. ते कूलंटच तापत नसेल तर बर्फाला आयतं घर.

२६ डिसेंबर

थर्मोस्टॅट (कूलंट तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढला. गार असतानाच उजेडाकडे धरला तर दोन मिलिमीटरची फट. उघडाच अडकलेला, म्हणजे सेल्फ मारल्यापासून रेडिएटर पूर्ण कामाला. नवा आणला, अंगावर ८८ कोरलेलं. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगला, तळाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. ८७ला हलायला लागला, उकळी येईपर्यंत पूर्ण उघडा. बसवताना छोटं भोक वरच्या बाजूला, हवा निघून जावी म्हणून.

कूलंट निघालंच होतं, रंग चहासारखा. निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं नवं भरलं. हे मिश्रण उणे ३५पर्यंत गोठत नाही. मला इतकी थंडी नको, पण गंजरोधक हवं. हीटरचा नळ उघडा ठेवून हवा काढली. खालचा होज पाइप दाबल्यावर करकरला, तोही बदलला.

३० डिसेंबर

मूळ टोपण मिळालं नाही. एक मिलिमीटरचा पत्रा कापून, वाकवून केलं. कागदाचा साचा चार वेळा चुकला, पाचवा बसला. पाइप ॲल्युमिनियमचा, घडीचा, आतून ५० मिमी. इथे प्लास्टिक किंवा साधं रबर चालणार नाही, वितळून मॅनिफोल्डवर पडलं तर आग. दोन्ही टोकांना क्लिपा. पाइप कुठेही प्लगच्या वायरला किंवा पेट्रोलच्या नळीला घासत नाही हे इंजिन हलवून बघितलं.

२ जानेवारी

९ अंश, ९७ टक्के, समोरचं दिसत नाही असं धुकं. एअर क्लीनरच्या तोंडात तारेच्या टोकाचा थर्मामीटर अडकवून आकडा डॅशबोर्डपाशी घेतला. सुरुवातीला ९, तिसऱ्या मिनिटाला १९, सहाव्या मिनिटानंतर ३२ ते ३६ यांच्यात. तापमानाचा काटा मध्यावर, पहिल्यांदाच.

बारावं मिनिट गेलं. चोविसावं गेलं. मुद्दाम प्रत्येक चौकात रेंगाळलो. एक तास दहा मिनिटं, एकदाही नाही. पाणी आत तेवढंच जातंय. पण ३४मधून २४ वजा केले तरी १० उरतात, गोठणार कसं?

कार्बोरेटरच्या अंगाला हात लावून बघितला. गार, पण कोरडा.

९ जानेवारी

आठवडाभर ओली हवा, एकही बंद नाही. तरी “बरी झाली” असं लिहायला पेन उचलत नाही, १० डिसेंबरमुळे.

थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) तपासले. तिसऱ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट घट्ट होता, सोडवला. आयडलिंगचा मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घ्यावा लागला. गरम हवा विरळ असते, ७ऐवजी ३५ अंशांची हवा जवळपास नऊ टक्के हलकी, त्यामुळे तेच जेट जरा जाड मिश्रण देतात. चोकही आता लवकर आत ढकलता येतो, मिनिटभरातच.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० होतं, आता १५डब्ल्यू-४०. सकाळचा सेल्फ हलका फिरतो.

२४ जानेवारी

उलट प्रयोग. ८ अंश, ९५ टक्के. पाइप काढला, खटका सूर्याकडे, थर्मोस्टॅट मात्र नवाच. १५व्या मिनिटाला जड, १७व्याला बंद. पाइप खिशात नाही, डिकीत होता. रस्त्याच्या कडेला बसवला, पाच मिनिटं थांबलो, घरी आलो. म्हणजे नुसत्या थर्मोस्टॅटने भागत नाही. नुसत्या पाइपने भागलं असतं का, ते तपासायला जुना थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा लागेल आणि तेवढी हौस नाही.

बरी झाली.

७ मार्च

दुपारी २९ अंश. चढावर टकटक ऐकू आली. गरम हवा आता नडतेय, तोंडात ५० अंशांच्या पुढे आकडा. खटका सूर्याकडे, टकटक गेली. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा परत बाहेर.

सूर्य आणि चांदणी पांढऱ्या रंगाने पुन्हा रंगवली. पाइप जागेवरच राहील, काढून ठेवायचा नाही. त्याच्यावर चिठ्ठी बांधली आहे, पुढच्या माणसासाठी : हा पाइप फालतू नाही.

राहिलेलं : सायलेन्सरचा मागचा हँगर, डाव्या वायपरचं रबर, पंखनटाऐवजी नवा नट.